डावी बाजू घुमते

पुठ्ठ्याच्या मधोमध पैशाएवढं भोक पाडलेलं असे. तो पुठ्ठा दोन्ही हातांनी लांब धरायचा, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि भोकातून फळ्यावरचा खडूचा ठिपका बघायचा. मग एक डोळा मिटायचा, तो उघडून दुसरा मिटायचा. एका डोळ्याला ठिपका दिसत राहतो, दुसऱ्याला नुसता पुठ्ठा. ज्याला ठिपका दिसतो तो तुमचा मुख्य डोळा. माणसाला जसा मुख्य हात असतो तसा मुख्य डोळाही असतो, ही गोष्ट मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हती. आमच्या गावच्या शाळेत मेंदू हा शब्द मास्तर फक्त तो नसल्याबद्दल वापरत.

मी ज्युनिअर बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. आमचे सर विद्यार्थ्यांची पाहणी करत होते. हात कुठला, डोळा कुठला, चेंडूला लाथ मारायचा पाय कुठला, आणि हातांची बोटं एकमेकांत गुंफली की वर कुठला अंगठा येतो. मेंदूचे दोन अर्धे असतात, सर सांगत. डाव्या अर्ध्याची सत्ता अंगाच्या उजव्या बाजूवर, उजव्याची डाव्या बाजूवर. आणि बहुतेकांची वाचा असते ती डाव्या अर्ध्यात. कुणाच्या अंगात कुठल्या अर्ध्याची सत्ता जास्त चालते ते त्यांना विद्यार्थ्यांमध्ये बघायचं होतं. पहिल्या बाकावर बसणारा म्हणून पुठ्ठा धरायचं काम माझ्याकडे आलं. इतक्या मोठ्या माणसानं मला काम सांगावं याचाच मला आनंद होता.

दुपारचा तास संपला की मुलं एकेक करून येत. खिडकीबाहेर समुद्राकडचा उजेड असे, वर्गात खडूची धूळ तरंगत असे आणि कोणी ना कोणी एक डोळा मिटून स्तब्ध उभं असे. सगळं कॉलेज झोपेत चालतंय असं मला वाटायचं.

"काय रे कोकण," गिरगावातला एक वर्गमित्र पुठ्ठा खाली ठेवत म्हणाला, "माझा मेंदू कुठल्या बाजूचा निघाला?"

"हात उजवा, डोळा डावा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मिसळ."

"बरं झालं. मला वाटलं रिकामाच निघतो."

सर हसले, पण मला त्यांनी तो डोळा लिहू दिला नाही. "परत घे," म्हणाले, "आणि या वेळी उलटं विचार. ठिपका कुठल्या डोळ्याला दिसतो असं नको विचारू. कुठल्या डोळ्याला दिसत नाही ते विचार. पहिल्यांदा पोरं तुला बरं वाटेल ते सांगतात. दोन्ही बाजूंनी तेच आलं, तर ते त्यांचं स्वतःचं उत्तर." वर्गात ते इंग्रजीत शिकवत, आणि माझ्या चेहऱ्यावरून माझं इंग्रजी कुठे बुडालं ते ओळखून व्हरांड्यात तेच परत मराठीत सांगत. त्या व्हरांड्याचे उपकार माझ्यावर आहेत.

मी राहायचो लालबागला, मामाकडे. मामा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कापड विणायचा. मॅट्रिक झालो तेव्हा त्यानंच आईला कळवलं, पोराला बोटीत बसवून दे. भाऊच्या धक्क्यावर तो उभा होता. माझी ट्रंक त्यानं खांद्यावर घेतली आणि वाटेत एवढंच म्हणाला, "शिकाचा तेवढा शिक. साच्यावर मी उभो आसंय." त्याच्या दोन मुली गावी आजीकडे होत्या. त्यांचा भार, आईला जाणारे पैसे, माझी फी, सगळं त्या उभं राहण्यावर चालत होतं.

एका रविवारी मी तो पुठ्ठा घरी आणला आणि गॅलरीत सगळ्यांचे डोळे बघू लागलो. मामानं पुठ्ठ्यातून समोरची गिरणीची चिमणी बघितली. एक डोळा मिटला, दुसरा मिटला.

"माका दोनय डोळ्यांनी चिमणीच दिसता," तो म्हणाला. "आणि डोळे मिटले तरी भोंगो ऐकाक येता. लिही तुझ्या सरांका."

मामी आतून म्हणाली, "तेंका विचार, बाजारातलो चांगलो बांगडो खंयच्या डोळ्याक दिसता? दोनय डोळे उघडे ठेवून शिळो आणतत."

मामा चाळीच्या भजनात मृदंग वाजवायचा. त्या दिवशी संध्याकाळी मृदंग मांडीवर घेऊन तो डाव्या तोंडाला कणीक थापत होता. मृदंगाचा आवाज खोल यावा म्हणून डाव्या बाजूला ओली कणीक लावतात. आम्ही भात खाणारी माणसं, घरात गव्हाचं पीठ येई ते बहुतेक मृदंगासाठीच. मी त्याला मेंदूच्या दोन अर्ध्यांचं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि उजव्या तोंडावर बोटं वाजवली.

"ही उजवी बाजू. ही बोलता." मग डावा पंजा टाकला. खोलीतली भांडी हलकेच किणकिणली. "ही डावी. ही नुसती घुमता."

"दोघांत मुख्य कुठली?"

"बोलता ता लोकांका ऐकाक येता," मामा म्हणाला. "घुमता ता पोटात ऐकाक येता." आणि हसून म्हणाला, "ह्या लिहू नको. सर म्हणतीत, मामा अडाणी."

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची होती. लालबाग, परळ, काळाचौकी, जिकडे बघावं तिकडे भिंतींवर गेरूनं लिहिलेली अक्षरं. पाळी सुटली की माणसं घरी न जाता सभेला जात. मामाचं भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन मोर्चात सामील होई. पुढचा कुणी ओरडे, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि मागून सगळे, "झालाच पाहिजे!" मामाचा आवाज मोठा होता. साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय असलेल्या माणसांचा आवाज तसाच असतो.

अशाच एका मोर्चावरून तो परत आला. घसा बसला होता, पण खूश होता. पान वाढलं. त्यानं घास उचलला तो पानात पडला. परत उचलला, परत पडला.

मामी म्हणाली, "काय हां, पोरासारखे खेळतास?"

मामानं तिच्याकडे बघितलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, पण आवाज आला नाही, आणि तो हळूहळू उजव्या बाजूला कलला. भिंतीला टेकायला जावं तसा. तिथे भिंत नव्हती. मी त्याला धरलं.

इस्पितळातून घरी आणला तेव्हा त्याचा उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडून असे. पाय ओढत का होईना, मोरीपर्यंत जाई. डोळे स्वच्छ होते. कोण आलं, कोण गेलं, सगळं कळे. वाचा मात्र गेली होती. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. मी खोलीच्या कोपऱ्यात बसून वह्या उघडायचो आणि त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं वाचायचो. डावा अर्धा, उजवी बाजू, वाचा. वर्गात लिहिताना ते कुणाबद्दल आहे असं मनातही आलं नव्हतं.

मग एका सकाळी चाळीखालून पोरांची प्रभातफेरी गेली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" पोरं ओरडली.

खिडकीशी बसलेला मामा खणखणीत आवाजात म्हणाला, "झालाच पाहिजे!"

मामीच्या हातातलं चहाचं भांडं खाली आलं. शेजारच्या खोल्यांतली माणसं धावली. मामा सगळ्यांकडे बघून हसला आणि परत म्हणाला, "झालाच पाहिजे!" दोन-तीन बायका रडल्याच. कुणीतरी साखर वाटली.

पण दुपारपर्यंत आम्हाला कळलं की तेवढंच आहे. चहा घेतास? झालाच पाहिजे. दुखतासा? झालाच पाहिजे. पाठ टेकवू? झालाच पाहिजे. तो ते शब्द वेगवेगळ्या सुरात म्हणे, कधी विनवणीनं, कधी चिडून. म्हणायचं वेगळंच असे, निघत तेच. स्वतःच्या तोंडून तेच आलेलं ऐकलं की कपाळाला आठी पडे आणि तो डाव्या हातानं हवा पुसल्यासारखं करी.

चाळीला मात्र त्यात वेगळं काहीतरी दिसलं. सगळं विसरला पण महाराष्ट्र विसरला नाही, अशी गोष्ट पहिल्या मजल्यावरून सुरू झाली आणि काळाचौकीपर्यंत गेली. एका संध्याकाळी पोरांनी त्याला खुर्चीसकट उचलून कोपऱ्यावरच्या सभेला नेलं. गळ्यात हार घातला. वक्ता म्हणाला, "या कामगाराची वाचा गेली, पण मागणी गेली नाही!" टाळ्या पडल्या. मामा म्हणाला, "झालाच पाहिजे!" आणि सबंध रस्त्यानं ते उचलून धरलं. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात त्याचा चेहरा मला लांबून दिसत होता. माझा ऊर भरून आला होता आणि त्याच वेळी मला वाटत होतं की तो पाणी मागत असेल.

परतताना मी शेजारच्या काकांना म्हणालो, "काका, हे तसं नाही. वाचा गेली की तोंडात एखादाच शब्द अडकून राहतो. दुसरा कुठलाही राहिला असता."

काका जिन्यात थांबले. "शिकलंस म्हणून आता मामाचो महाराष्ट्र खोटो ठरवतंस?"

खोटा मला ठरवायचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेलो. ते गिरगावातल्या खोताच्या वाडीत राहत. लाकडी जिना, बाहेर लाकडी कठड्याचा ओटा, ओट्यावर सुपात मिरच्या वाळत घातलेल्या. आत कुठेतरी कुणी पेटी वाजवायला शिकत होतं, एकच ओळ परत परत चुकत होती. सरांनी मला खुर्ची दिली. त्यांच्या घरात मी बूट काढू की नको या विचारात उभाच होतो.

सगळं ऐकून त्यांनी सुपातल्या मिरच्या उलटवल्या.

"मी डॉक्टर नाही रे बाबा. पोरांचे डोळे मोजणारा मास्तर आहे." मग म्हणाले, "पण वाचलेलं सांगतो. कधी कधी बोलणं जातं आणि गाणं राहतं. चर्चमध्ये एक म्हातारे होते आमच्या, नाव सांगता येत नव्हतं त्यांना, पण मासच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी सगळी गाणी शब्दांसकट म्हणायचे. का ते कुणाला नीट ठाऊक नाही. मामा गातो का?"

"भजनात मृदंग वाजवायचा. मागून गायचाही."

"मग तिथून बघ. जे निघेल ते निघेल. पण घरी आशा लावून ठेवू नको."

मी प्रयत्न सुरू करण्याआधीच जॉबर आला. गिरणीत साच्यांवर माणसं लावणं त्याच्या हातात असे. साताऱ्याकडचा, मामाचा वर्षानुवर्षांचा सोबती. येताना मोसंबी घेऊन आला होता. रविवार होता, दारात शेजारी जमले.

"गड्या, तुझी जागा मी बदली माणूस घालून धरून ठेवलीया," तो मामासमोर मांडी घालून म्हणाला. "पण वरनं विचारत्यात. अशी जागा घरातल्या घरात ऱ्हावी हे बरं. भाच्याला लावतो तुझ्या साच्यावर. लावू का?"

मामाचे डोळे मोठे झाले. त्यानं तोंड उघडलं.

"झालाच पाहिजे!"

"झालं तर मग," जॉबर उठत म्हणाला. "मामानंच सांगितलं." दारातले शेजारी मान हलवू लागले. काका म्हणाले, "बरा झाला. घर उभा ऱ्हवला."

माझं कॉलेज त्या दोन शब्दांत संपलं होतं. ते त्याचं उत्तर नव्हे हे मला कळत होतं, पण ते बोलायला सगळ्या जगात मीच सगळ्यांत नालायक माणूस होतो. ज्याच्या भाकरीवर शिकलो, त्याचं म्हणणं खरं नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि कोण जाणे, ते त्याचं उत्तर असेलही. चुलीवर भात रटरटत होता. मी तो आवाज ऐकत उभा राहिलो.

मामी चुलीपाशी होती. ती पळी घेऊन पुढे आली आणि मामासमोर उभी राहिली.

"अहो, ऐकलात? दुसरी बायको आणूया काय तुमका?"

"झालाच पाहिजे!" मामा म्हणाला, आणि लगेच त्याच्या कपाळाला ती आठी पडली.

गॅलरीत हशा झाला. जॉबरही पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला आणि मामाकडे नीट बघू लागला. "आयला," तो हळूच म्हणाला. "असं हाय व्हय." जाताना मला म्हणाला, "पुढल्या पगारापातूर धरतो जागा. त्याच्या फुडं माझ्या हातात न्हाई."

सगळे गेल्यावर मी मामीला काहीतरी बोलायला गेलो. तिनं बोलू दिलं नाही.

"तुझ्यासाठी नाय केलंय," ती म्हणाली. "माका उद्याचो तांदूळ दिसता. तू गिरणीत गेलंस तर माझो जीव थाऱ्यावर येतलो, ह्या खरा आसा. पण तेंचा उत्तर तेंचाच होया. दुसऱ्या कोणी तेंच्या तोंडात घालूक नको. तू नको, जॉबर नको, मी पण नको."

दुपारी चाळ शांत असे. पहिली पाळी गिरणीत, तिसरी झोपलेली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगत. गिरणीची घरघर जमिनीतून येई, ती पायांना कळे, कानांना नाही. त्या वेळी मी मृदंग मामाच्या डाव्या हाताशी ठेवला आणि त्यांच्या मंडळात गजर ज्या चालीवर होई ती चाल गुणगुणू लागलो. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा डावा पंजा उठला आणि पडला. धुम. परत. धुम. आणि कुठल्या तरी खोल विहिरीतून पोहरा वर यावा तसा त्याचा आवाज आला, आणि त्या आवाजात देवाचं नाव होतं. पूर्ण. एकही अक्षर सांडलेलं नव्हतं.

मामीनं भिंतीकडे तोंड केलं आणि निवडायचे तांदूळ तसेच निवडत राहिली.

पण ते पाठ असलेले शब्द होते. त्यातून स्वतःचे कसे निघणार? मी चाल तीच ठेवली आणि देवाच्या नावाच्या जागी पाणी घातलं. पाणी पाणी, होया पाणी. मला त्याची लाज वाटे. देवाच्या चालीवर पाणी आणि चहा. मामी म्हणाली, "देवाक राग नाय येवचो. तेका पण तहान लागता." मामा धुम देई, ओठ हलवी, आणि निघे तेच, झालाच पाहिजे. तेही चालीवर निघे आणि इतकं चपखल बसे की आम्हाला तिघांनाही हसू येई.

कॉलेजात पाहणी चालूच होती. मी पुठ्ठा धरून उभा असे, कोणी एक डोळा मिटून ठिपका शोधत असे, आणि मला पंजा पडलेला ऐकू येई. त्या दिवसांत मी नक्की कुठे होतो ते मला सांगता येणार नाही. ट्राममधून जाताना मी मनात ती चाल म्हणत असे आणि गिरगावात उतरायचं सोडून पुढे जात असे.

एका दुपारी मामी एरंडेल घेऊन आली. मामानं वाटीकडे बघितलं. डावा हात मृदंगावर पडला, धुम, आणि तो गायला, "नको, नको, नको नको."

मग मामी इतकी हसली की एरंडेल तिच्याच लुगड्यावर सांडलं.

मागोमाग "होया", म्हणजे हवं, तेही आलं. "पाणी" आलं. शब्द फक्त चालीवरच येत आणि डाव्या हाताच्या ठेक्याशिवाय येत नसत. मृदंग लांब असला तर मांडी चाले. मी सरांना सांगितलं. आनंदानं त्यांनी माझा खांदा धरला, पण लगेच म्हणाले, "होया आणि नको दोन्ही सारखेच शिकव हां. एकच सोपं करून ठेवू नको. आणि तो जॉबर येईल तेव्हा तू विचारू नको. ज्याला उत्तराची गरज आहे त्यानं पुठ्ठा धरायचा नसतो."

म्हणून जॉबर आला तेव्हा मी बाहेर गॅलरीत उभा राहिलो, खोलीकडे पाठ करून. समोर चिमणी होती. तिचा धूर सरळ वर जात होता, अजिबात हलत नव्हता. मामीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, प्रश्न उलटासुलटा करून विचारायचा.

"भाच्याला लावू का रं तुझ्या साच्यावर?" जॉबरचा आवाज.

"झालाच..." मामा म्हणाला आणि थांबला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मामी हळू आवाजात चाल गुणगुणू लागली. पंजा पडला. त्या लाकडी मजल्यातून तो माझ्या तळव्यांना लागला.

"नको," मामा गायला. "नको, नको नको."

मग मामी म्हणाली, "आता मी उलटा विचारतंय. जागा दुसऱ्या कोणाक दिली तर चलात तुमका?" तिचा आवाज जराही हलला नाही. तो हलू नये म्हणून तिला काय करावं लागलं ते मला आज कळतं.

धुम. "होया."

"पोरगो शिकतलो?"

धुम. "होया, होया."

"आरं पण गड्या," जॉबर म्हणाला, आणि त्याचा स्वर आता वेगळा होता, "खायचं काय तुम्ही?"

याला मामाकडे शब्द नव्हता. मी वळलो. तो मामीकडे बघत होता. विचारल्यासारखं नाही. माफी मागितल्यासारखं.

मामीनं पदर खोचला. "खानावळ घालतलंय," ती म्हणाली. "चाळीत बदलीवाले कितीतरी आसत, भायर शिळापाका खातत. माझ्या हाताक चव आसा असा हेच सांगत. तेव्हा बोलाक येय होता."

जॉबर उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "मग पहिलं ताट माझं धर. आणि आमटी तिखट कर. तुमचं कोकणातलं गोडं नको."

"नको नको," मामा आतून गायला, आणि या वेळी तो हसत होता.

मी वळून परत चिमणीकडे बघू लागलो. डोळे भरून आले होते. एक मिटला तरी ती दिसेना, दुसरा मिटला तरीही.

पुढचं दीड वर्ष मी ताटांच्या आवाजात अभ्यास केला. सकाळी मासळी आणून द्यायची, कॉलेजला जायचं, संध्याकाळी वाढायला उभं राहायचं. जेवणारे माझी परीक्षा घेत. "काय बीए, आमचो मेंदू खंयच्या बाजूक?" मी म्हणे, "आज बांगड्याच्या." मामा खिडकीशी बसून कोण जेवलं आणि कोण राहिलं यावर लक्ष ठेवी आणि कुणाला भात हवा असला तर मामीला चालीवर सांगे. नवखा माणूस दचके, मग त्यालाही सवय होई. महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळी चाळ दिव्यांनी उजळली. पोरं आत आली आणि ओरडली, "मामा, झाला हो! झाला!" मामानं त्यांना बघून हात वर केला आणि म्हणाला, "झालाच पाहिजे!" काका माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. खुशीनं.

माझा बी.ए.चा निकाल लागला. मी गिरगावातून लालबागपर्यंत चालत आलो. ट्राममध्ये बसवेना. खोताच्या वाडीत सरांच्या पायाशी वाकलो तेव्हा त्यांनी मला मधेच धरलं होतं, तो हात अजून दंडावर जाणवत होता. घरी जेवणारे उठून गेले होते. मी मामासमोर बसलो आणि म्हणालो, "मामा, पास झालो."

त्यानं मृदंगाकडे बघितलं. मामीनं लगेच कणीक भिजवायला घेतली, जणू तीच वाट बघत होती. डाव्या तोंडाला तिनंच कणीक थापली, नीट, गोल, बोट फिरवून कडा दाबून. मृदंग मामाच्या मांडीवर आडवा ठेवला. मग मामानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला आपल्या उजव्या बाजूला, पडलेल्या हाताच्या जागी बसवलं.

मला वाजवता येत नव्हतं. इतकी वर्षं ऐकलं होतं तेवढंच. मामानं डावा पंजा टाकला. धुम. मी उजव्या तोंडावर बोटं टाकली. धुम. परत बोटं. खिडकीबाहेर उजेड कमी होत होता. मामी चाल धरून होती. थोडा वेळ आम्ही दोघं मिळून एकच माणूस वाजवतोय असं वाटलं, आणि त्या वाटण्यातच माझं लक्ष गेलं, बोटं मागे पडली.

मामाचा पंजा थांबला.

"चुकलंस," तो म्हणाला.

चालीवर नाही. नुसतंच. भजनात नवीन पोराला सांगायचा तसं, थोडं त्रासून.

मामीची चाल तुटली. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला मात्र काहीच विशेष वाटलेलं दिसलं नाही. त्यानं मृदंग मांडीवर जरा सरळ केला, पंजा उचलला आणि मी सुरुवात करायची वाट बघू लागला.